प्राणिमात्र, नग एक

जिथे डोंगर सरळ समुद्रात उतरतो, तिथे माणसाला नुसतं बसू देणं धोक्याचं असतं. नुसता बसलेला माणूस विचार करायला लागतो, विचार करणाऱ्याला घरची आठवण येते, आणि घरी निघून गेलेला पाहुणा कुठल्याच तक्त्यात भरता येत नाही.

हे वेळेवर ओळखणारं एक साहसी उपक्रम मंडळ त्या किनाऱ्याला लाभलं, हे किनाऱ्याचं भाग्यच. मंडळाने आधी पाहणी केली (म्हणजे तीन माणसं दुर्बीण घेऊन छपरावर चढली). शंभर पाहुण्यांपैकी एक्क्याऐंशी खडकावर बसून समुद्राकडे बघत होते, अकरा जण बसायला खडक शोधत होते, सात आडवे झाले होते आणि एक जण समुद्राकडे पाठ करून बसला होता. त्याचं नाव वेगळं टिपून घेतलं.

मग चौदा उपक्रम निघाले. पहिला, खडकावर चढणे. दुसरा, त्याच खडकावरून उतरणे (फॉर्म वेगळा, पहिलाच भरून वर बसलेले दोघे संध्याकाळपर्यंत वरच होते). तिसरा, तारेला लटकून घळ ओलांडणे. तिथे पूर्वी चांगला पूल होता, पण लोक त्याच्यावरून चालत पलीकडे जायचे आणि उपक्रमाची मजा घालवायचे, म्हणून तो काढून टाकला. सातवा, गार पाण्यात पडणे. आठवा, गार पाण्यातून बाहेर काढले जाणे (सातव्याबरोबरच घेतलेला बरा). चौदावा, शांतता, वीस मिनिटं. शिट्टी वाजली की सुरू, पुन्हा वाजली की बंद.

आणि चौथा, कड्याची वाट.

ही वाट मंडळाने शोधून काढली, असं पाटीवर लिहिलं आहे. शोधायला कष्ट पडले नसणार, कारण तिच्यावर धाकटीच्या चपलांचे ठसे होते. धाकटी म्हणजे एकाहत्तर वर्षांची बाई. घरातल्या दोन जावांमध्ये ती धाकटी, म्हणून लग्न होऊन आल्यापासून तिला सगळे धाकटीच म्हणतात. थोरली जाऊ अठ्ठ्याहत्तरची, खाडीच्या पलीकडच्या टोकावर एकटी राहते. कड्याच्या वाटेने अर्धा तास. रस्त्याने जायचं तर डोंगराला वळसा घालून दोन बस बदलायच्या, आणि तिथे पोचलं की लगेच परतीची शेवटची बस धरायची, म्हणजे थोरलीला खिडकीतून हात करायचा आणि निघायचं.

धाकटी गेली सेहेचाळीस वर्षं रोज सकाळी त्या वाटेने जायची. कामच तसं होतं: भांडायला. सासूबाई गेल्या तेव्हा पितळेचं पातेलं थोरलीकडे राहिलं आणि त्याचं झाकण धाकटीकडे आलं. धाकटीचं म्हणणं, झाकण जिकडे तिकडे पातेलं. थोरलीचं म्हणणं नेमकं उलटं. एवढा मोठा प्रश्न एका दिवसात सुटणारा नव्हता, त्यामुळे रोज जावं लागे. आता थोरलीचे हात खांद्याच्या वर जात नाहीत, म्हणून भांडताना धाकटी तिच्या मागे बसून तिचे केस विंचरून वेणी घालायची. समोरासमोर बसून भांडलं तर दोघींचं फार लवकर आटपतं, असं तिचं कारण होतं. थोरलीही रोज सकाळी पातेलं घासून कुंपणाच्या खुंटीवर पालथं घालायची. ऊन पडलं की ते खाडी ओलांडून धाकटीच्या डोळ्यांत चमकायचं. हा निव्वळ खोडसाळपणा, असं धाकटी म्हणायची आणि चपला घालायची.

त्या सकाळी ती पिशवीत कंगवा टाकून निघाली, तर वाटेच्या तोंडाशी लाकडी खोली उभी. आत टेबल, टेबलावर फॉर्म, आणि टेबलामागे गळ्यात तीन शिट्ट्या घातलेला उपक्रम अधिकारी. शिट्टीसाहेब.

"आजी, हेल्मेट?"

"कुणाचं?"

"तुमचं. आणि हा फॉर्म. उपक्रमाचा हेतू सांगा. साहस, निसर्गदर्शन, फोटो की मनःशांती?"

"भांडण."

शिट्टीसाहेबांनी फॉर्म उलटसुलट करून बघितला. "तो रकाना नाहीये."

"मग काढ. पेन आहे ना हातात?"

माणूस मोठा समजूतदार. त्याने मनःशांतीवर खूण केली. पुढे वयाचा रकाना आला आणि त्याचं पेन थांबलं. ही वाट 'अतिकठीण' श्रेणीतली. पासष्टच्या वर मनाई.

"अरे बाळा, मी सेहेचाळीस वर्षं जातेय या वाटेने."

"प्रमाणपत्र आहे?"

"पाय आहेत."

"आजी, नियम तुमच्या भल्यासाठीच आहे. या वाटेवर आजवर किती अपघात झाले, याची नोंदच नाही."

"झालाच नाही एकही, तर नोंदशील काय?"

"तेच म्हणतोय मी. नोंद नाही म्हणजे सुरक्षित असल्याचा पुरावा नाही."

यात खोट काढायला जागा नव्हती. धाकटी घरी आली आणि तिने भांडी अशी आदळली, की सुनेला वाटलं आपलंच काही चुकलं. (सुनेचंही चुकलंच होतं, पण ते वेगळं.)

दुसऱ्या दिवशी पलीकडे पातेलं चमकलं. तिसऱ्या दिवशी जास्त चमकलं. राख लावून घासलं असणार. चौथ्या दिवशी तर थोरलीने ते खुंटीवर हलवूनसुद्धा दाखवलं. धाकटीने इकडून झाकण हलवलं, पण ते काळवंडलेलं. त्यातून काही पोचलं नसावं. पाचव्या दिवशी खुंटी रिकामी होती.

सहाव्या दिवशीही रिकामीच.

"पाहुण्यांकडे गेल्या असतील," सून म्हणाली.

"तिला कोण बोलावणार? माझ्याशिवाय तिचं तोंड कोण सहन करतं?" धाकटी म्हणाली, आणि पिशवीत कंगव्याबरोबर झाकणही टाकलं. हे झाकण सेहेचाळीस वर्षांत घराबाहेर पडलं नव्हतं. सुनेने ते बघितलं आणि सासूच्या चपला दाराशी आणून ठेवल्या.

खोलीपाशी शिट्टीसाहेब बारा पाहुण्यांना नियम वाचून दाखवत होते. नियम एकतीस होते, आणि मंडळाची किती वाखाणणी करावी, की सगळे मोठ्याने वाचायचे. धाकटी भिंतीला टेकून ऐकत राहिली. शाळेत ती दोनच वर्षं गेली होती. पण कान चांगले होते आणि दुसऱ्याच्या बोलण्यातली फट तिला लांबून दिसायची. सतरावा नियम असा निघाला: "वाटेवरील शेळ्या, खेकडे व इतर स्थानिक प्राणिमात्रांना वरील अटी लागू नाहीत."

"थांब," ती म्हणाली. "शेळीला हेल्मेट लागत नाही?"

"नाही."

"वय विचारता तिचं?"

"शेळीचं कसं विचारणार, आजी?"

"मग मला शेळ्यांत घाल."

पाहुणे हसले. शिट्टीसाहेब हसले नाहीत, आणि खरा अधिकारी तिथेच ओळखू येतो. त्यांनी सतरावा नियम पुन्हा वाचला. धाकटी स्थानिक होती. प्राणिमात्र नाही, असं म्हणायला आधार सापडेना. त्यांनी वरच्या कार्यालयात फोन लावला. तिकडून विचारणा झाली, की शिंगं आहेत का? "नाहीत, पण मारते," शिट्टीसाहेबांनी खरं ते सांगितलं. मंजुरी आली. रजिस्टरात लिहिलं गेलं: प्राणिमात्र, नग एक. धाकटीच्या पदराला पिवळा बिल्ला लागला आणि पाहुण्यांना सूचना मिळाली, की तिला खाऊ घालू नये, वाट अडवू नये आणि तोंडाला लागू नये.

"शेवटचं नीट ऐका," धाकटी म्हणाली आणि चालू लागली.

अर्ध्या वाटेवर बाराही पाहुणे दोराला धरून कड्याला चिकटले होते. दोरवाला प्रशिक्षक त्यांना भीती कशी स्वीकारावी ते समजावत होता. "सरका," मागून आवाज आला. एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात पिशवी घेतलेली म्हातारी त्यांच्या पोटाखालून पुढे गेली. ती कुठे पाय ठेवते ते बघून, दोर सोडून, सगळे तिच्या मागे निघाले. प्रशिक्षक जरा वेळ एकटाच भीती स्वीकारत राहिला, मग तोही आला.

थोरलीचं दार उघडं होतं. ती उंबऱ्यावर बसली होती, केसांच्या जटा झालेल्या, पातेलं मांडीवर.

धाकटीला एकदम दम लागला. कड्यावर लागला नव्हता. "खुंटीवर का नाही घातलंस?"

"चार दिवस घासलं. बघायला कुत्रं आलं नाही. हात दुखले माझे," थोरली म्हणाली. "मला वाटलं, मेलीस."

"मी? झाकण घेतल्याशिवाय मरू देशील तू मला?"

"पिशवीत काय आहे?"

"काही नाही. पुढे तोंड कर."

धाकटी मागे बसली आणि गुंता सोडवायला लागली. पिशवी तिने लांब सरकवून ठेवली. झाकण बाहेर आलं असतं तर उद्या यायला कारण उरलं नसतं. दोघींचं भांडण रंगलं. बारा पाहुणे पायरीवर बसून वेणी होईपर्यंत बघत राहिले. त्यांना नुसतं बसू नका म्हणणारं तिथे कुणीच नव्हतं. थोरलीने मधेच त्यांतल्या दोघांना बसायची ढब नाही म्हणून झापलं, तेव्हा त्यांचे चेहरे उजळले.

अभिप्रायाच्या फॉर्मवर बाराही जणांनी लिहिलं, की कडा बरा आहे, पण म्हातारी फार छान. मंडळ झोपलेलं नव्हतं. महिन्याभरात पंधरावा उपक्रम सुरू झाला: 'वृद्धेस भेट, चाळीस मिनिटे, श्रेणी अतिकठीण'. त्यात समोर बसणे, ऐकून घेणे आणि शेवटी "येतो हं" म्हणणे, एवढं येतं. आता तीन महिने आधी नाव नोंदवावं लागतं. पातेलं-झाकणाचा वाद मिटवू नये, असं मंडळाने दोघी जावांना लेखी कळवलं आहे. एरवी कुणाचं न ऐकणाऱ्या दोघींनी हे मात्र लगेच मानलं. केस विंचरायची परवानगी फक्त प्राणिमात्राला आहे.

मंडळाने भेट घेऊन परतणाऱ्यांचीही पाहणी केली. शंभरातल्या एक्याण्णव जणांची स्वतःची आई, काकू किंवा आत्या हयात आहे, बहुतेकींचं घर एका बसच्या अंतरावर. काहींची तर वरच्या मजल्यावर राहते. मग तिकडे का जात नाही, असं विचारल्यावर सगळ्यांनी एकच सांगितलं, की जमतच नाही, वाट फार कठीण आहे.

मंडळ अशी तक्रार ऐकून गप्प बसणारं नाही. तुमच्या जिन्याचं माप कळवा. दोर बांधून मिळेल, शिट्टी वाजवायला माणूस मिळेल. हेल्मेट मात्र तुमचं तुम्ही आणा; म्हातारी इतक्या दिवसांनी तुम्हाला बघणार आहे, पातेलं कुठून येईल सांगता येत नाही.