चार मासे आणि मोर्शीचा पक्षकार

वकिली चालवायला कायदा लागत नाही, बैठक लागते, हे मी अमरावतीत सनद घेतल्यापासून दोन वर्षांत पक्कं ओळखलं होतं. कायदा मला येत होता आणि पक्षकार एकही येत नव्हता, यातच सगळं आलं. समोर बापूसाहेब वकिलांचं घर. त्यांच्या ओसरीवर सकाळी आठपासून पागोटी दाटीवाटीनं बसलेली. माझ्या बैठकीत माझ्याशिवाय कोणी बसत नसे, आणि उन्हाळ्यात मीही फार वेळ बसत नसे.

माझे सासरे अकोल्याचे. त्यांनी स्वच्छ सांगून टाकलं होतं, की कोर्टाला सुट्टी लागायच्या आत एखादा धड दावा हाती आला नाही, तर तिथल्या कचेरीत त्यांनी माझ्यासाठी कारकुनाची जागा बोलून ठेवली आहे. कारकून व्हायचं, तेही सासऱ्यांच्या डोळ्यांसमोर! मला झोप लागेना. अशात मोर्शीच्या किसनरावांचं कार्ड आलं. संत्र्यांचा मोठा बगीचा, धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, शेजाऱ्याशी जुना तंटा, आणि येत्या बुधवारी अमरावतीला येऊन वकील पाहायचा बेत. माझं नाव त्यांना कोणीतरी सांगितलं होतं म्हणे. तो भला माणूस कोण, याचा मला अजून पत्ता लागलेला नाही.

आता पक्षकार आला की तो बैठकीत टिकला पाहिजे! याची युक्ती मला त्याच आठवड्यात सासुरवाडीला गेलो असताना अकोल्यालाच सापडली. तिथला एक इंजिनीअर साहेब विलायतेला परत निघाला होता आणि बंगल्यातलं सामान विकत होता. खुर्च्या, बशा, हॅटी, आणि कोपऱ्यात एक भलीमोठी काचेची पेटी. आत चार सोनेरी मासे. ते बघत मी पाऊण तास जागचा हललो नाही. म्हटलं, जिथं वकील खिळतो तिथं पक्षकार खिळणारच. पेटी मी माशांसकट घेतली. साहेबाचा खानसामा मासे पाळायची रीत समजावून सांगत होता, पण मी ती काही ऐकली नाही. बी.ए., एलएल.बी. झालेल्या माणसाला चार मासे पाळता येत नाहीत की काय!

पेटी गार्डाच्या सामानाच्या डब्यात, मासे घागरीत आणि घागर माझ्या मांडीवर, असा आमचा प्रवास झाला. बडनेऱ्याला गाडी बदलताना निम्मं पाणी माझ्या धोतरावर आलं. घरी पोचलो तर दारातच दुर्गाआत्या. माझ्या वडिलांची ही थोरली बहीण आमच्याकडेच असते आणि घर तिच्याच शब्दावर चालतं. साहेबाच्या घरची वस्तू आणि त्यात मासे, हे ऐकून ती मटकन खाली बसली. शेवटी पेटी बाहेरच्या बैठकीतच राहील आणि आधी शुद्ध होईल, अशी तडजोड झाली. आत्यानं ती चिंच आणि राख लावून तीनदा घासली. इतकी घासली, की सांध्यांतली लुकण निघून आली आणि भरलेलं पाणी चारही कोपऱ्यांतून माझ्या कायद्याच्या पुस्तकांवर उतरलं. सुताराकडून नवी लुकण आणून मी सांधे भरले आणि ते वाळेपर्यंत दोन दिवस मासे घागरीत ठेवले. रविवारी एकदाची पेटी भरली. माझी बायको चारुशीला म्हणाली, "छान दिसतात हो." लग्नानंतर माझ्या एखाद्या कामाला तिनं छान म्हणायची ती पहिलीच वेळ.

त्या साली वैशाख अधिक आला होता. अधिकात तेहतिसाच्या मापानं दान करायचं, हे घरोघरी चालतं. त्यातलं एक दान म्हणजे माशांना कणकेच्या तेहतीस गोळ्या. पण अमरावतीत नदी कुठली? वडाळीच्या तलावाला उन्हातान्हात जायचं कोणी? सोमवारी सकाळी आत्या सोवळ्यानं बैठकीत आली, पेटीकडे बघत बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "नारायणा, देवानंच ही बुद्धी दिली तुला." मग तिनं मोजून तेहतीस गोळ्या पाण्यात सोडल्या.

दुपारी तिच्या ओळखीच्या पाचजणी आल्या. संध्याकाळी त्यांच्या ओळखीच्या पंधरा आल्या. इथं मी हात जोडून त्यांना परत पाठवायला हवं होतं, पण माझं डोकं फार चालतं. मी विचार केला, प्रत्येक बाईमागे एक नवरा असतो आणि प्रत्येक नवऱ्याचा कुठं ना कुठं तंटा असतो. म्हणून मी सगळ्यांना अगत्यानं बसवलं, माठातलं पाणी दिलं, आणि जाताना आमची सनद कोणत्या सालची तेही सांगितलं!

मंगळवारी दुपारपर्यंत पेटीतल्या पाण्याची कढी झाली. मासे तोंडं वर काढून धापा टाकत होते. अधिकात घरात मासा मेला तर ते पाप कोणाच्या माथी, हा प्रश्न आत्याला विचारायची माझी छाती नव्हती. चारुशीलेनं गुपचूप चारही मासे चाळणीनं काढले आणि परसात कडुनिंबाखाली घागरीत सोडले. पेटीत राहिली नुसती कढी. पण बायांना काही कळलं नाही. त्या श्रद्धेनं गोळ्या टाकत होत्या, आणि गोळ्या तळाशी जाऊन बसत होत्या.

मी आत्याला सांगून ठेवलं, की उद्या पक्षकार येणार, तेव्हा उद्या दार बंद. आत्या शांतपणे म्हणाली, "उद्या अधिकातली एकादशी आहे. दाराला कडी लावून तर पाहा."

बुधवारी सकाळी आमच्या दारापासून बापूसाहेबांच्या फाटकापर्यंत बायांची रांग होती. तिच्यातून वाट काढत किसनराव आले. मागे त्यांची म्हातारी आई, तानुबाई. बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. किसनरावांनी सगळीकडे नजर फिरवली आणि त्यांचा चेहरा पडला.

"तुमची वकिली एवढी चालते हे ठाऊक नोतं जी," ते म्हणाले. "एवढ्या जनींचे दावे अगोदरचे. माह्या धुऱ्याले तुमाले टाइम कधी भेटन?"

पक्षकार आहेत म्हणावं तर वेळ नाही, नाहीत म्हणावं तर वकिली नाही. सासऱ्यांची कचेरी डोळ्यांपुढे उभी राहिली. शेवटी घाबरून मी खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, यांच्यातलं कोणीच दाव्यासाठी आलेलं नाही, सगळ्या माशांना गोळ्या घालायला आल्या आहेत, मी अगदी मोकळा आहे.

किसनरावांचा चेहरा उजळला. "असं आहे का? मंग तं लय बरं झालं," ते म्हणाले. "माही माय सकाळपासून मासोळ्याइले गोळ्या टाकाले तलाव इचारून राह्यली. तिले बसू द्या इथंच. तिचं होतवर मी वकील पाहून येतो."

आणि ते समोर गेले.

तानुबाईंना मी माझ्या खुर्चीवर बसवलं. कणीक त्यांनी आणली नव्हती, ती चारुशीलेनं दिली. गोळ्या वळायला मीही हात लावला, कारण म्हातारीची बोटं आखडलेली होती आणि मला दुसरं काही काम नव्हतं. त्यांनी एकेक गोळी कपाळाला लावून त्या पांढऱ्या पाण्यात सोडली. शेवटची सोडून झाल्यावर पदराला हात पुसले आणि माझ्याकडे मायेनं पाहिलं.

"गुणाचा आहेस, बाप्पा," त्या म्हणाल्या. "कामधंदा काय करतं गा तू?"

खिडकीतून बापूसाहेबांची ओसरी दिसत होती. किसनराव तिथं पागोटं काढून ऐसपैस बसले होते आणि बापूसाहेबांचा कारकून त्यांचं वकीलपत्र लिहून घेत होता.

"मासे पाळतो, आजी," मी म्हणालो.