जावईबापूंचं डोकं

सुपरवायझरांनी चहाच्या टेबलावर बिस्किटांचा अख्खा संघ उभा केला. मिठाची बरणी गोलकीपर झाली, दोन चमचे गोलचे खांब झाले आणि समोरच्या संघाचं काम बायकोच्या औषधांच्या बाटल्यांकडे आलं.

"हे बघा जावईबापू, कॉर्नर म्हणजे काय, तर ते चेंडू कोपऱ्यात ठेवून मारणार. सगळी गर्दी आपल्या गोलसमोर. प्रत्येकाने आपापला माणूस धरायचा आणि चेंडू आला की डोक्याने बाहेर काढायचा. बाहेर! आता हा बॅक म्हणजे तुम्ही. तुम्ही इथे..."

बॅक जागेवर नव्हता. जावईबापूंनी तो चहात बुडवून खाल्ला होता.

"खाऊ द्या हो त्यांना," बायको आतून म्हणाली. "दमून आलेत. आणि माझ्या बाटल्या होत्या तिथे ठेवा."

सुपरवायझर एका मोठ्या लॉन्ड्रीत होते. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथे गाठोड्यांनी येत. लॉन्ड्रीच्या मागे मैदान होतं आणि लॉन्ड्रीचा फुटबॉलचा संघही होता. चालत्या खेळात मंडळी बरी खेळत, पण चेंडू थांबला की त्यांची अक्कलही थांबे. त्या वर्षी खाल्लेले बहुतेक गोल कॉर्नरवरूनच बसले होते. शेवटी मालकांनी सांगून टाकलं, "शेवटचा सामना जिंका. नुसता बरोबरीत सोडवून चालणार नाही. नाहीतर संघ बंद, मैदानावर मी गाड्यांसाठी शेड टाकतो."

सुपरवायझरांना हे फार लागलं. घरात त्यांचं कोणी ऐकत नसे आणि लॉन्ड्रीत यंत्रांच्या घरघरीत त्यांचं कोणाला ऐकू येत नसे. त्यांच्या शब्दाला किंमत होती ती फक्त त्या मैदानावर. तीही गेली असती तर त्यांनी बोलायचं कुठे, हा प्रश्नच होता.

त्यांनी रोज संध्याकाळी सराव लावला. मैदानाला खरा गोल एकाच टोकाला होता. दुसऱ्या टोकाला चादरी वाळवायचे खांब होते, सामन्याच्या दिवशी त्यातलेच दोन मोकळे करून गोल म्हणून वापरायचे. त्यामुळे सगळा सराव खऱ्या गोलसमोर. समोरच्या खेळाडूंच्या जागी स्टँडवर चादरी टांगलेल्या. कॉर्नर मारायला पॅकर, कारण गाठोडी फेकून फेकून त्याचा नेम बसला होता, निदान हाताचा तरी. पॅकरने पाय उचलला की बाकीचे एकेका चादरीला चिकटत आणि आलेला चेंडू डोक्याने बाहेर भिरकावत. हळूहळू हे इतकं अंगवळणी पडलं की पॅकरने बुटाची नाडी बांधायला पाय उचलला तरी दोघंतिघं उड्या मारत.

अपवाद एकच. जावईबापू लॉन्ड्रीत मेकॅनिक म्हणून लागले ते सासूबाईंच्या शब्दावर, आणि संघात आले तेही त्यांच्याच शब्दावर. उंची शिडीसारखी, पण चेंडू जवळ आला की ते डोळे मिटून उडी मारत. चेंडू त्यांच्या डोक्याच्या मागच्या बाजूला आपटून थेट आपल्याच गोलमध्ये जाई. एखाद्या दिवशी चुकून गेला असता तर गोष्ट वेगळी, पण यांचा नेम कधी चुकायचा नाही.

आता जावयाला बोलणार कोण? रात्री त्याच टेबलावर जेवायचं होतं. तेव्हा सुपरवायझरांनी लेकी बोले सुने लागे हा जुना मार्ग धरला. जावईबापूंनी गोल घातला की ते इस्त्रीवाल्यावर तुटून पडत.

"इस्त्रीवाल्या, डोळे मिटून काय उड्या मारतोस? खांद्यावर डोकं आहे की भोपळा?"

"साहेब, मी तर पलीकडे उभा होतो!"

"उलट बोलू नकोस!"

जावईबापू शेजारी उभे राहून अगदी सहानुभूतीने इस्त्रीवाल्याकडे बघत.

सामन्याच्या दिवशी सुपरवायझरांनी जावईबापूंना बाकावर बसवलं. "तुम्ही आमचं राखीव अस्त्र," असं त्यांनी सांगितलं, आणि मागे बसलेल्या बायकोकडे आणि लेकीकडे बघायचं टाळलं.

पूर्वार्धात संघाने खरा गोल राखला, आणि काय राखला! कॉर्नरवर कॉर्नर आले, एकही आत गेला नाही. मालक चक्क उभे राहून बघत होते. मध्यंतराला सुपरवायझर म्हणाले, "हेच करत राहा. काही बदलू नका."

त्यांचा शब्द संघाने शिरोधार्य मानला, आणि तिथेच घात झाला. बाजू बदलल्या. खरा गोल आता समोरच्यांचा होता. थोड्याच वेळात लॉन्ड्रीला कॉर्नर मिळाला. पॅकरने चेंडू ठेवला आणि पाय उचलला. अख्ख्या संघाने समोरचा एकेक माणूस घट्ट धरला. चेंडू अगदी गोलच्या तोंडाशी आला, आणि गवंड्याने वीट फेकावी तसा इस्त्रीवाल्याने तो डोक्याने लांब भिरकावून दिला.

"शाब्बास!" लॉन्ड्रीचे खेळाडू एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले.

"अरे, आत घाला! आत!" सुपरवायझर ओरडले. "तो त्यांचा गोल आहे!"

समोरचा कॅप्टन रेफरीजवळ गेला. "यांना आमच्याकडून खेळायचंय का? आमची ना नाही."

दुसऱ्या कॉर्नरला तेच झालं. या वेळी इस्त्रीवाल्याने इतक्या जिवाच्या आकांताने उडी मारली की खाली येताना पाय मुरगळून घेतला. त्याला उचलून बाहेर आणलं. बाकावर जावईबापू सोडून कोणी नव्हतं.

"अहो, बघताय काय? पाठवा की त्यांना," मागून बायकोचा आवाज आला.

सुपरवायझरांनी हात जोडले, देवाला की जावयाला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "जावईबापू, या."

अजून कोणाचाच गोल झाला नव्हता. रेफरी घड्याळ बघत होता. आणखी एक कॉर्नर मिळाला, बहुधा शेवटचाच. सुपरवायझरांना समोर गाड्यांची शेड दिसायला लागली, पत्र्यांसकट. पॅकरने पाय उचलला. सगळ्यांनी आपापला माणूस धरला. जावईबापूंनी डोळे मिटले आणि उडी मारली. चेंडू त्यांच्या डोक्याच्या मागच्या बाजूला आपटला आणि नेहमीप्रमाणे, अगदी नेहमीच्याच कोपऱ्यातून, गोलमध्ये गेला.

"अरेरे!" सगळ्या संघाने सवयीने कपाळावर हात मारला. बाहेर इस्त्रीवाल्याने मान खाली घातली.

मग शिट्टी वाजली, आणि आपण जिंकलो हे एकेकाच्या ध्यानात येऊ लागलं. मालक धावत आले. "वा, सुपरवायझर! हा डाव शेवटपर्यंत लपवून ठेवलात! शेडचं बघू नंतर."

जावईबापू मात्र पडलेल्या चेहऱ्याने सासऱ्यांसमोर उभे राहिले. "चुकलं, बाबा. परत तेच झालं."

या माणसाला मिठी मारावी असं सुपरवायझरांना पहिल्यांदाच वाटत होतं. ते पुढे झाले, घसा खाकरला, आणि इतक्या दिवसांची सवय आड आली. ते बाकावरच्या इस्त्रीवाल्याकडे वळले.

"शाब्बास, इस्त्रीवाल्या! डोकं असावं तर असं!"

"मी? साहेब, मी तर बाहेर..."

"उलट बोलू नकोस!"

जावईबापू खाली बघत हसले.

"पोचलं, बाबा," ते हळूच म्हणाले. "याआधीचंही सगळं पोचत होतं."