राजाने परत विचारलंच नाही

राजाने तलवार पुढे केली आणि श्यामकांतराव म्हणाले, "नको, नको."

पडद्यावर 'घेतो' आणि 'नको' अशी दोन उत्तरं होती. त्यांतलं 'नको' त्यांनी दाबलं. राजाने तलवार म्यानात घातली. नायक रिकाम्या हातांनी जंगलात गेला. जंगलात राक्षस होता. त्याने नायकाला खाल्लं आणि पडद्यावर लाल अक्षरं आली, 'खेळ संपला.'

श्यामकांतरावांनी ती अक्षरं दोनदा वाचली.

"परत विचारलंच नाही त्यानं," ते म्हणाले.

"कोणं?" अश्विनने विचारलं.

"राजानं. एक डाव नको म्हटलं तं लगेच उचलून ठेवली. अशी राहते का रीत?"

"बाबा, तुमाले तलवार पाहिजे होती ना?"

"होती ना. राक्षसाले का हातानं मारू?"

"मंग नको काहून म्हटलं?"

श्यामकांतरावांना मुलाच्या संगोपनात आपलं नक्की कुठे चुकलं ते कळेना. "पहिल्या बारीले कोण हो म्हणते रे? भुक्कड दिसते माणूस."

अश्विनने यामिनीकडे पाहिलं. यामिनीने पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर राक्षस दात कोरत होता.

या दोघांनी नवा रायपूरला एक खोली भाड्याने घेऊन हा खेळ बनवला होता. तिथले रस्ते इतके रुंद, की समोरचा चहावाला ओळखीचा व्हायला त्यांना वर्ष लागलं. खेळात भेटेल तो माणूस काहीतरी विचारणार, आपण उत्तर निवडायचं आणि त्यावरून पुढची गोष्ट ठरणार. माणसं काय बोलतील ते अश्विन लिहायचा आणि यामिनी ते कॉम्प्युटरला समजावून सांगायची. बंगळुरूची एक कंपनी भारतीय भाषांतले खेळ बाजारात आणत होती. ती सोमवारी हा खेळ खेळून बघणार होती. आवडला तर ठीक. नाही आवडला तर मंगळवारपासून अश्विनने अभनपूरला मामांच्या राईस मिलमध्ये बसायचं, असं घरात ठरलं होतं. मामांनी खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती. तिचं प्लास्टिक त्यांनी मुद्दाम काढलं नव्हतं.

कंपनीची अट एकच होती. आयुष्यात कधी गेम न खेळलेल्या माणसालाही तो समजला पाहिजे. असा माणूस अश्विनच्या रायपुरातल्या, गुढियारीच्या घरातच होता, म्हणून यामिनी लॅपटॉप घेऊन तिकडे आली होती. श्यामकांतराव मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झाले होते. लाल म्हणजे थांबा आणि हिरवा म्हणजे चला, यावर त्यांनी सगळी नोकरी केली. पण घरात किंवा पाहुण्यांकडे 'नको' हा दिवा लाल असतो, असं त्यांना कोणी कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या डावात नायक एका गावात पोचला. कुंभारकाकूंनी भाकरी विचारली. श्यामकांतरावांनी 'नको' दाबलं. पाटलांनी दूध विचारलं. नको. देवळात जेवणावळ चालू होती, त्याच काकू वाढत होत्या, पुजाऱ्याने पानावर बसायला सांगितलं. नको. नायकाची शक्ती दाखवणारी पट्टी हिरवी होती ती पिवळी झाली, मग लाल झाली, आणि भर पंगतीत बुंदीच्या टोपल्याशेजारी नायक उपासमारीने मेला.

"काका," यामिनी म्हणाली. तिचं मराठी घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरात होतं. तिला मराठी सगळी समजायची, पण बोलताना हिंदीच यायची. "भूख लगी है तो हाँ बोल दीजिए ना."

"बेटा, एकदम से कैसे बोलूँ? कोई दो-तीन बार बोले तो सही."

तेवढ्यात अश्विनची आई विनोदिनीबाई चहा घेऊन आल्या. मेलेला नायक बघून त्यांनी चौकशी केली. भर पंगतीत माणूस उपाशी मेला हे ऐकून त्या हादरल्या.

"अन् वाढणारी बाई का करून राहिली होती?"

"तिनं विचारलं होतं, आई. बाबा नको म्हणाले."

"नको म्हणतीलच ना! म्हणून काय वाढू नये का?" त्यांनी पडद्यावरच्या कुंभारकाकूंना निरखून पाहिलं. "हिले कोणी वळण नाही लावलं."

अश्विन गोंधळला. अडचण खेळात होती की घरात, हेच त्याला समजेना. त्याला एवढंच दिसत होतं, की अजिबात न खेळलेली दोन माणसं त्याच्याकडे होती आणि दोघांनाही 'नको'चा अर्थ त्याच्यापेक्षा वेगळा माहीत होता. सोमवार जवळ आला होता. त्याने खेळ बदलायचं ठरवलं.

"आग्रह टाकू," तो यामिनीला म्हणाला. "नको म्हटलं की समोरच्यानं परत विचारायचं. अजून नको, अजून विचारायचं."

"कितनी बार?"

"आईले विचार."

विनोदिनीबाईंनी संख्या सांगितली नाही. त्यांनी थेट काकूंचे संवादच सांगितले. "काहीच तं खाल्लं नाही बापा!" "एवढीशी तं भाकर आहे, तिले काय नको म्हणता?" "माझ्या हातचं आवडलं नाही वाटते." ते त्यांनी इतक्या जीव ओतून म्हटले, की यामिनीने ते त्यांच्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड करून घेतले आणि दोनदा चुकून डब्यातली पोळी घेतली.

नव्या खेळात राजाने तलवार पुढे केली. श्यामकांतराव नको म्हणाले. राजा म्हणाला, "असं कसं? घ्याच." श्यामकांतरावांनी पुन्हा नको म्हटलं, राजाने पुन्हा घ्या म्हटलं, आणि शेवटी एक सुस्कारा सोडून त्यांनी तलवार घेतली. "आता कसा राजा वाटला," ते म्हणाले.

अडचण अशी झाली, की यामिनीने हा आग्रह एकाच ठिकाणी लिहिला होता आणि तो खेळातल्या सगळ्यांना लागू झाला होता.

जंगलात चोर भेटला. तो म्हणाला, "थैली इकडे आण." श्यामकांतरावांनी 'नको' दाबलं. चोर म्हणाला, "अहो, असं काय करता? द्या ना." मग राक्षस आला. तो म्हणाला, "मी तुला खातो." नको. "थोडंसं?" नको. "बरं, माझ्यासाठी म्हणून?"

श्यामकांतरावांनी 'हो' दाबलं.

"बाबा!" अश्विन ओरडला. "तलवार आहे ना हातात!"

"अरे, इतकं म्हणून राहिला तो. कितीक डाव नाही म्हणावं माणसानं?"

अश्विन खाली बसला. राक्षसाने नायकाचा घास घेतला आणि रीतीप्रमाणे पाणी मागितलं.

"एक मिनट," यामिनी म्हणाली. "काका, मान लीजिए सच में नहीं चाहिए. बिलकुल नहीं. तब क्या बोलते हैं?"

प्रश्न रास्त होता. श्यामकांतरावांनी चष्मा काढला. विनोदिनीबाई दाराच्या चौकटीला टेकून आठवू लागल्या. बाहेर रेल्वेलाइनवरून एक लांबलचक मालगाडी गेली.

"काही नाही बोलत," श्यामकांतराव शेवटी म्हणाले. "खाऊन घेते माणूस."

हे कॉम्प्युटरला कसं समजवायचं ते यामिनीला कळेना. शेवटी तिने चोर आणि राक्षस यांचा आग्रह काढून टाकला आणि राजाचा आणि कुंभारकाकूंचा तेवढा ठेवला. काकूंकडे पोटभर जेवलेला नायक मात्र जड व्हायचा. जड झाला की दमायचा. दमला की जवळ बसायला जागा शोधायचा. जवळची जागा म्हणजे काकूंचा पाट. पाटावर माणूस बसला, की ताट वाढायचं, एवढं काकूंना पक्कं माहीत होतं. हा सगळा हिशेब यामिनीने वेगवेगळ्या दिवशी लिहिला होता, त्यामुळे तो एकत्र आल्यावर काय होईल हे तिच्या डोक्यात आलंच नाही.

पाठवायच्या आधी शेवटची चाचणी म्हणून लॅपटॉप पुन्हा श्यामकांतरावांकडे दिला. अश्विन आणि यामिनी चहा प्यायला बाहेर गेले. परत आले तेव्हा श्यामकांतराव काकूंच्या घरात होते. नायक जेवत होता. श्यामकांतरावांचा चेहरा अनेक वर्षांनी सुट्टी मिळाल्यासारखा दिसत होता.

"कसा वाटला, बाबा?"

"मस्त आहे. काहीच त्रास नाही."

"कुठं अडकले तं नाही ना?"

"छे! अडकतो कशाले? इथंच आहो मी."

अश्विनने खेळ पाठवून दिला.

सोमवारी दुपारी फोन वाजला. बंगळुरूहून निरंजन बोलत होता. कंपनीत मराठी खेळ त्याच्याकडे होते. माणूस मूळचा नाशिकचा. त्याचा आवाज धावून दमल्यासारखा येत होता.

"अश्विन, एक विचारायचं होतं. कुंभारकाकूंच्या घरातून बाहेर कसं पडायचं?"

"दरवाज्यातून," अश्विन म्हणाला.

"दरवाज्याजवळ गेलो. तिथे त्या म्हणाल्या, रिकाम्या हाताने कसं जाता, आणि गाठोडं दिलं. त्याने मी जड झालो आणि बसलो. बसलो तर ताट आलं. मी सकाळपासून जेवतोय."

अश्विनने घाईघाईने लॅपटॉप उघडला. तो दरवाज्याजवळ गेला. गाठोडं मिळालं. तो बसला. ताट आलं. यामिनीनेही करून पाहिलं. तिलाही ताट आलं.

"बाहर का रास्ता है ही नहीं," ती हळूच म्हणाली.

मामांच्या खुर्चीवरचं प्लास्टिक अश्विनच्या डोळ्यांसमोर चकाकू लागलं. त्याने फोन स्पीकरवर टाकला आणि शेवटचा उपाय म्हणून आईला हाक मारली. काकूंचे संवाद तिचे होते, तेव्हा त्यांच्या तावडीतून सुटायची युक्तीही तिलाच ठाऊक असणार.

"आई, हे बंगलोरचे साहेब आहेत. यायले काकूच्या घरून निघाचं आहे. कसं निघावं?"

विनोदिनीबाई पदराला हात पुसत फोनजवळ वाकल्या. "निघाची काहून घाई करता, भाऊ? जेवले का?"

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला. फोन बंद झाला.

अश्विनने पुन्हा लावून पाहिला. निरंजनने उचलला नाही. यामिनी आपला चार्जर गुंडाळू लागली. ती एकच वायर पुन्हा पुन्हा गुंडाळत होती. आपलं नक्की काय चुकलं, हे अश्विनला अजूनही समजलं नव्हतं. राजाने एकदाच विचारलं तर लोक मरत होते, आणि काकूंनी सारखं विचारलं तर लोक सुटत नव्हते. याच्या मधलं काहीतरी बरोबर असणार, पण ते त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याने पिशवीत कपडे भरायला सुरुवात केली. विनोदिनीबाईंनी अभनपूरसाठी चिवडा बांधायला घेतला.

संध्याकाळी निरंजनचा फोन आला. आता त्याचा आवाज शांत होता.

"सॉरी, मगाशी फोन ठेवला. खरं सांगू का, काकूंचा तो आवाज एकदम फोनमधून आला ना... माझ्या मावशीकडे असंच होतं. मी आठ वर्षं तिकडे गेलेलो नाही."

"मी दुरुस्त करतो सर. दरवाजा..."

"दरवाजाला हात लावायचा नाही. आम्ही सगळ्यांनी खेळून बघितला. दोन मुलींनी हेडफोन काढून फेकले. एकाला घाम फुटला. साधं घर, साधी बाई, हसून बोलते, आणि तुम्ही कोणतंही उत्तर निवडा, त्याने काहीच होत नाही. असं काही आम्ही आजवर पाहिलं नव्हतं. खेळ आम्ही घेतोय. फक्त तो तलवारीच्या विभागात नाही जाणार."

"मग?"

"भीतीच्या खेळांत. म्हणजे हॉरर गेम. एकच बदल हवाय, तो राक्षस काढून टाका."

"काहून? म्हणजे, का?"

"काकूंच्या आधी जंगलात तो भेटला की बरं वाटतं. लोकांना सुटल्यासारखं होतं."

अश्विनने फोन ठेवला. यामिनीने वायर सोडून दिली. मग दोघं एकदम ओरडले आणि श्यामकांतराव 'काय झालं, काय झालं' करत आतून आले. मामांना कळवण्यात आलं. त्यांनी खुर्ची परत करता येईल का, एवढंच विचारलं.

विनोदिनीबाईंचा मात्र चिवड्याचा हात थांबला होता. स्पीकर चालू होता आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"अश्विन, मी बोलली तेच ठेवणार का ते लोकं? मावाला आवाज?"

"हव आई. जशाच्या तसा. तुयीच तं कमाल आहे."

"अन् ते ऐकून लोकाइले घाम फुटते म्हणते?"

"हो," तो म्हणाला.

श्यामकांतराव छताकडे बघू लागले. यामिनीने उगाच लॅपटॉप बंद केला.

"मंग का उपाशी ठेवू का त्याइले?" विनोदिनीबाई म्हणाल्या आणि यामिनीच्या पुढ्यात चिवड्याची बशी ठेवली.

यामिनीने काही न बोलता खायला सुरुवात केली.