पाळीवर तिकीट

"तिकीट?" सेवकराम एवढ्या जोरात ओरडला की खिडकीच्या आत बसलेल्या रेणूच्या हातातलं तिकीटपुस्तक खाली पडलं. "मले तिकीट? माह्या पणज्यानं बांधलेल्या पाळीवर जायाले मले तिकीट?"

"दहा रुपये, आजाजी." रेणूनं पुस्तक उचललं, फुंकलं आणि पुढ्यात ठेवलं. ती गावच्या बचत गटाची सचिव. गटानं खिडकी चालवायला घेतली तेव्हापासून ती नियमाच्या बाबतीत तहसीलदारालाही शिकवेल अशी झाली होती. "मोठ्याले दहा, लहान्याले पाच, कॅमेरा असन तं पन्नास. फुकट कोनालेच नाई."

"बोर्डावर तं लिवलं हाय, फुकट म्हनून!"

"थे पक्षी आन् वन्यजीवाले हाय, आजाजी."

"आन् सकारी मी आत गेलो, तवा काऊन नाई मांगतलं?"

"सकारी उद्घाटन नोतं झालं. बारा वाजता झालं."

म्हणजे सकाळी तलावाचं पाणी सोडायला जाताना फुकट, आणि संध्याकाळी तेच पाणी बंद करायला जाताना दहा रुपये! सेवकरामच्या खिशात दहाची नोट होती. ती त्यानं खिशातच मुठीत अशी आवळली की नोटेवरचे आकडेही दबले असतील. मग तो वळला आणि तरातरा घरी निघून गेला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं हे पळसबोडी गाव कोहळी समाजाचं. कोहळ्यांच्या पूर्वजांनी नदीनाला नसलेल्या जागी तलाव बांधले, तेही असे की इंजिनिअरनं लेव्हल लावून पाहिली तर इंजिनिअरच चुकलेला निघावा. तलावाच्या पोटात पाळीला, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाला, लागून एक दगडी चौकट उभी असते, तिला तुडुम म्हणतात. तिला वरपासून खालपर्यंत पाच भोकं आणि प्रत्येक भोकात लाकडी बूच. कोणत्या धानाला कधी आणि किती पाणी, हे ठरवून बूच काढणारा आणि बसवणारा तो पाणकर. दुसऱ्या कोणी तुडुमाला हात लावायचा नाही, हा चार पिढ्यांचा रिवाज. बूच काढणं सोपं, ते माकडही काढेल. बसवताना मात्र गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहून, पायाच्या अंगठ्यानं भोक चाचपून, तणसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, वेणी बुचाला गुंडाळून, श्वास धरून ते एका दमात दाबावं लागतं. पंचक्रोशीत एके काळी दहा पाणकर होते. आता सेवकराम एकटा.

आणि त्या दिवशी शेवटच्या टोकाच्या, उशिरा पिकणाऱ्या भारी धानाला शेवटचं पाणी म्हणून त्यानं तिसरं बूच काढून ठेवलेलं होतं.

तुडुमाचा तळाचा दगड तडकला होता. त्यासाठी सेवकराम नऊ वर्षं अर्ज करत होता. एका कचेरीनं सांगितलं, तलाव आमच्या यादीत नाही. दुसरीनं सांगितलं, यादीत आहे पण तुडुम नाही. तिसऱ्या कचेरीतला बाबू चहा ढवळत हिंदीत म्हणाला, "बाबा, इसका हेडही नहीं है." हेड म्हणजे सरकारी खर्चाचं खातं. आणि मग पुतण्या उमेंद्र सरपंच झाला, गोंदियाच्या चकरा मारून आला, आणि म्हणाला, "काकाजी, पैसा भेटला! दोन हेडचा भेटला. आर्धा लोकायच्या विरंगुळ्याचा, आर्धा पाखरायच्या अधिवासाचा."

"आन् तुडुमाचा?"

"थो नाई भेटला."

विरंगुळ्याच्या पैशातून कमान आली, आठ बाकं आली, तारेचं कुंपण आलं, तिकिटाची खिडकी आली. टेकचंद कंत्राटदारानं वरून सिमेंटचा एक सारस उभा केला. तो सारस इतका लठ्ठ झाला की खऱ्या सारसांच्या जोडीनं त्याला एकदा पाहिलं आणि लाजेनं तालुकाच बदलला. मिक्सरच्या धडधडीनं उरलीसुरली पाखरं गेली. पाखरांच्या हेडचा पैसा मात्र अजून यायचा होता. साहेब येऊन पाखरं डोळ्यांनी मोजणार, मग तो सुटणार. साहेब दोन दिवसांनी येणार होते आणि तलावावर एक बगळा नव्हता.

"बगळ्याले पैसा!" घरी येऊन सेवकराम ओसरीवर येरझारा घालत होता. "कोकड्याले पैसा! सिमेटच्या कोंबड्याले पैसा! आन् पाळ बांधनाऱ्याच्या पणतवाले तिकीट!"

"अवो, पानी वाहून राहिलं ना तिकडं," त्याची बायको धुरपताबाई सुपात तांदूळ पाखडत म्हणाली. "द्या ना दहा रुपये. परवा पानठेल्यावर तं वीस उडवले."

"पैशाचा सवाल नाई वो. पाळीचा हाय."

"पाळ राहीन, पानी जाईन. मंग बसा सुक्या पाळीवर, विरंगुळा करत."

अंधार पडायच्या आत उमेंद्र धावत आला. "काकाजी, तुमचे दहा रुपये मी भरतो. चाला."

"तू कायले भरशीन? सरपंच हायस ना? फुकट सोड म्हनून सांग तिले."

उमेंद्रनं मान खाली घातली. "सांगतलं. थे म्हने, सरपंचानंच पहिल्या दिवशी नियम मोडला तं निधी वापस जाते. मी सोता तिकीट काढून आत गेल्तो, काकाजी."

"मंग तूच बसव बूच!"

रागाच्या भरात का होईना, परवानगी मिळाली होती. दुसऱ्या दिवशी उमेंद्रनं पुन्हा तिकीट काढलं, कपडे काढले आणि पाण्यात उडी मारली. वर आला तेव्हा त्याच्या हातात एक जुनी चप्पल होती आणि गळ्यात अडकवलेला मोबाईल तळाला गेला होता. मग त्यानं वाळूची पोती टाकली. तुडुमानं पाच पोती सुपारीसारखी गिळली. टेकचंद म्हणाला, सिमेंट ओतू. त्यावर जागेश्वर भडकला. जागेश्वरचं कापलेलं धान शेतात कडपा घालून पसरलेलं होतं, आणि तिसऱ्या भोकाचं पाणी शेवटच्या टोकाचं पोट भरून आता त्याच्या कडप्यांखाली शिरलं होतं.

"सिमेट वतून रायला मोठा! अबे, तुह्या सारसाचं शेपूट पयल्या पावसात गळून पडलं! माह्या धानाले जाग्यावर अंकुर फुटून राहिले, आन् तुमी तिकिटं फाडा!"

"माहा काय गुना?" टेकचंद म्हणाला. "बूच तं सेवकरामबुवाचं हाय."

"आन् सेवकरामबुवाले कोनं अडवलं?"

सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. रेणूनं पदर सावरला आणि पाटीकडे बोट केलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे सेवकरामचा धीर सुटला. राग तसाच होता, पण तलावाची काळजी वरचढ झाली. पाणी तिसऱ्या भोकाच्या खाली गेलं की वाहणं आपोआप थांबेल, हे त्याला ठाऊक होतं; पण तेवढं पाणी गेलं म्हणजे उन्हाळ्यात गुराढोरांना काय पाजायचं? दोन दिवसांत त्यानं घास गिळला नव्हता, असं तो स्वतः म्हणे. धुरपताबाई म्हणे, चार भाकरी कमी खाल्ल्या एवढंच. काही असो, उजाडताच तो बगलेत बूच आणि तणसाची वेणी घेऊन मागच्या बाजूनं निघाला. तिकीट काढायचं नाही आणि पाणीही जाऊ द्यायचं नाही, यावर त्यानं काढलेला तोडगा म्हणजे कुंपण.

एक पाय कुंपणाच्या आत गेला. दुसरा बाहेर राहिला. आणि धोतराचा काष्टा मधल्या काटेरी तारेनं असा धरला की बहात्तर वर्षांचा सेवकराम बैलाच्या मानेवरच्या जुवासारखा आडवा लटकला.

नेमकी त्याच वेळी साहेबांची जीप आली. साहेबांचं नाव हिमांशू, वय तिशीचं, गळ्यात दुर्बीण. मागून धापा टाकत उमेंद्र, रडवेल्या तोंडानं सांगायला आला होता की साहेब, पाखरं काही नाहीत. साहेब मात्र जागच्या जागी थिजले होते.

तलाव अर्धा उतरला होता. जिथं परवा पुरुषभर पाणी होतं, तिथं घोट्याएवढा चिखल होता, आणि त्या चिखलात गोगलगायी, मासोळ्या आणि किडे यांची पंगत मांडली होती. पंगतीला बगळे होते, करकोचे होते, टिटव्या होत्या, बदकांचे थवेच्या थवे होते. आणि मधोमध लाल मानेची उंचच उंच जोडी, सारसांची. सिमेंटच्या सारसाकडे पाठ करून दोघं जेवत होते.

"सोडवा रे मले!" सेवकराम ओरडला.

"श्श्! आजोबा, हलू नका!" साहेब कुजबुजले. "सारस उडतील. मोजणी होईपर्यंत तसेच थांबा. प्लीज."

"तसाच थांबू? काटा कुठी रुतला ते ठावं हाय का तुमाले?"

मोजणी एक तास चालली. एक तास सेवकराम लटकून होता. हलता येत नव्हतं, म्हणून तो दबक्या आवाजात बोलत होता. आणि जन्मभराचं बोलला. नऊ वर्षांचे अर्ज, तडकलेला दगड, पणज्याची पाळ, दहा रुपये.

"पाखरायले अधिवास पायजे म्हनता साहेब. हा अधिवास काय आभाळातून पडला? कोनी खंदला? पानी चढवते कोन, उतरवते कोन? तुमाले वाटते, पाखरं बाक पाहून आले?"

"खरं आहे, आजोबा," साहेब डोळ्यांवरची दुर्बीण न काढता म्हणाले. "पण तुडुमाला हेड नाही."

"मंग हेड कायले हाय?"

"दुर्मीळ प्रजाती असेल, तर तिच्या अधिवासाच्या दुरुस्तीला आहे. पण प्रजाती इथलीच पाहिजे. संख्या घटत चाललेली पाहिजे."

"घटत?" सेवकरामला हसू आलं, तेवढ्यानं तार आणखी रुतली. "दहा पाणकर होतो आमी पंचक्रोशीत, साहेब. आता मी एकटा उरलो. माह्या पोरानं नागपूरले दुकान टाकलं. माह्यापक्षा घटलेला कोन हाय, दाखवा."

साहेबांनी दुर्बीण खाली घेतली. प्रथमच त्यांनी सेवकरामकडे नीट पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत, जसं पाखराकडे पाहतात तसं. मग वहीत काहीतरी लिहिलं आणि स्वतःच्या हातानं त्याचं धोतर सोडवलं. सेवकराम फाटक्या काष्ट्यानिशी पाण्यात उतरला आणि एका दमात बूच बसवलं. सारस उडालेसुद्धा नाहीत. ओळखीचा माणूस होता.

दोन महिन्यांनी मंजुरी आली. तुडुमाला नवा दगड, नवी बुचं, जागेश्वरच्या धानाची भरपाईसुद्धा. पत्रासोबत एक पाटी आली, ती कमानीखाली लागली. गाव गोळा झालं. सेवकरामची शिदोरी घेऊन धुरपताबाईही आली. उमेंद्रनं मोठ्यानं वाचलं:

"येथे पाणकर या अतिदुर्मीळ स्थानिक प्रजातीचा अधिवास आहे. नोंदलेली संख्या एक. कृपया शांतता राखा. त्रास देऊ नका. खाद्य देऊ नका."

धुरपताबाईनं शिदोरी मुकाट्यानं पदराखाली घेतली. "आयकलं ना? सरकारची मनाई हाय. मी चालली घरी."

"मले जनावर केलं!" सेवकरामचा आवाज पाळीच्या दुसऱ्या टोकाला आपटून परत आला. "कोहळ्याच्या पोराले जनावर!"

"पन काकाजी, दगड भेटला ना," उमेंद्र पुटपुटला.

"दगड घाल तुह्या डोस्क्यात!" सेवकराम तरातरा खिडकीशी गेला, खिशातून तीच दहाची चुरगळलेली नोट काढली आणि रेणूपुढे आपटली. "दे! एक तिकीट दे! मोठ्या मानसाचं!"

रेणूनं नोट दोन बोटांनी उचलली, सपाट केली आणि खिडकीतून बाहेर सरकवली.

"तुमाले फुकट हाय, आजाजी. बोर्डावर लिवलं हाय." आणि मान तिरकी करून त्याच्या खांद्यावरून मागं पाहत म्हणाली, "सरका जरा बाजूले. मांगं मानसं उभी हायत."