सैंधव शोधक मंडळीचा लाभांश

एका जंगलात एक डोंगर होता, बाळांनो, आणि त्याच्या पोटात काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे त्याला फार भाव होता. माहीत नसलेल्या गोष्टीला भाव कसा, असं तुम्ही विचाराल. तुम्ही अजून लहान आहात, पुढे ऐका.

एके दिवशी मुंगूसरावांनी डोंगराच्या पायथ्याशी पाटी लावली, 'सैंधव शोधक मंडळी'. डोंगरात मीठ आहे आणि ते शोधून काढायचं, असा बेत होता. मिठासाठी जंगलातले प्राणी वेडे असतात. खारी माती चाटायला हरणं दोन-दोन टेकड्या ओलांडून जातात. मुंगूसराव म्हणाले, "टोपलीभर दाणे द्या आणि हे पळसाचं पान घ्या. हे पान म्हणजे मंडळीतला तुमचा हिस्सा."

लाभांशाचं धोरण त्यांनी दगडावर कोरून घेतलं. 'जे मीठ सापडेल ते सगळंच्या सगळं भागधारकांना वाटलं जाईल.' न सापडलेल्या वस्तूच्या बाबतीत उदार होणं सोपं असतं, पण हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि रांग लावली.

त्या रांगेत खारुताई होती. तिची पिल्लं अजून ढोलीतच होती. पावसाळ्यासाठी साठवलेले सगळे दाणे तिने देऊन टाकले.

मग काम सुरू झालं. साळिंदरदादा डोंगर उकरू लागले. जमलेल्या दाण्यांपैकी थोडे त्यांना मजुरी म्हणून मिळत. बाकीचे मुंगूसराव शोधखर्च म्हणून घेत, कारण साळिंदरदादा उकरत असताना डोंगराकडे बघत राहण्याची जबाबदारी त्यांची होती.

वडाखाली पानांचा बाजार भरू लागला. साळिंदराच्या काट्यांवर काहीतरी पांढरं दिसलं, अशी एकदा बातमी आली आणि पान दोन टोपल्यांवर गेलं. काटे मुळातच पांढरे-काळे असतात, हे सांगणाऱ्या घुबडाला सगळ्यांनी हुसकावून लावलं. दुसऱ्या दिवशी भाव तीन टोपल्या झाला.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा मंडळीची वार्षिक सभा भरली. खारुताई उभी राहिली. "लाभांश कधी वाटणार? माझ्या घरात दाणा नाही."

"लाभांशाच्या धोरणात काहीही बदल नाही," मुंगूसराव म्हणाले. सभेने समाधान व्यक्त केलं.

तेवढ्यात साळिंदरदादा धापा टाकत आले. त्यांच्या हातात एक पांढरा खडा होता. "साहेब, सापडलं."

मुंगूसरावांचा चेहरा उतरला. शोधखर्च शोध चालू असेपर्यंतच घेता येतो, बाळांनो.

"आणखी किती आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"एवढंच. मागे नुसता काळा कातळ. पार पलीकडपर्यंत उकरून आलो."

मुंगूसरावांनी घसा खाकरला. "मंडळी, आज वडाखाली आपल्या पानाला तीन टोपल्या मिळतात. हे बाहेर कळलं तर उद्या पानामागे जेमतेम एकदा चाटण्यापुरतं मीठ मिळेल. काय करायचं ते तुम्हीच ठरवा."

म्हातारं सांबर पुढे आलं. "पण हे मीठच आहे कशावरून?" म्हणत त्याने खडा चाटला. नक्की सांगता येत नाही, असं म्हणून त्याने पुन्हा चाटला. मग नीलगाईने तपासलं, मग भेकराने, मग सगळ्या सभेने. खडा खारुताईपर्यंत आला तेव्हा तिच्या हातात नुसती ओल आली.

मंडळीने वाटलेला हा पहिला आणि शेवटचा लाभांश. मला अजूनही त्या सभेची चीड येते.

'काहीही सापडलेलं नाही, शोध जोमाने चालू ठेवावा,' असा ठराव एकमताने झाला. साळिंदरदादांना उपाध्यक्ष करण्यात आलं. त्यानंतर ते मिठाबद्दल कधी बोलले नाहीत.

खारुताई मुंगूसरावांच्या मागे गेली. "मला लाभांश नको. माझे दाणे तेवढे परत द्या."

"ताई, मंडळी दाणे परत देत बसत नाही. पान विका ना."

ती धावत वडाखाली गेली. पण सांबर, नीलगाय, भेकर सगळे तिच्या आधी पोचले होते आणि आपापली पानं विकून मोकळे झाले होते. आता घेणारं कुणी उरलं नव्हतं.

खारुताई घरी परतली. तिच्या झाडाच्या बुंध्याशी ससुली राहत असे. कधी सभेला न गेलेली, कधी पान न घेतलेली. तिच्या बिळात टोपलीभर दाणे होते.

"ससुले, मंडळीचं पान घेतेस?" खारुताई म्हणाली. "साळिंदराला उपाध्यक्ष केलंय. उगाच कुणी कुणाला उपाध्यक्ष करतं का?"

"मग तू का विकतेस गं?"

वरून पिल्लांचं चिरचिरणं ऐकू येत होतं. खारुताईने एकदा वर पाहिलं.

"दुसऱ्या कुणाला दिलं नसतं," ती म्हणाली. "तू शेजारची, म्हणून."

ससुलीचे डोळे भरून आले. तिने टोपली दिली, आणि एवढे उपकार केले म्हणून वर दोन कंदही दिले.

तात्पर्य : शेजाऱ्यांशी नेहमी प्रेमाने वागावं. आपलं पान घ्यायला शेवटी तेच उरतात.