मागणी फेरी

प्रेम मोजता येत नाही असं म्हणणाऱ्यांनी ते मोजून पाहिलेलं नसतं. मी मोजलं होतं. एकूण अंतर दोन किलोमीटर चारशे मीटर, थांबे पाच, वेळ पंचाहत्तर मिनिटं आणि शेवटच्या थांब्यावर मागणी. चूक होण्याची शक्यता मी जवळपास शून्य धरली होती. ती ‘जवळपास’मध्ये दडून बसली होती, हे मला रविवारी कळलं.

पाण्याची तपासणी करणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी काम करतो. लोक बाटल्यांतून पाणी आणून देतात, मी त्यातले क्षार मोजतो आणि माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी जंतू मोजते. जंतू वाढवायच्या त्या चपट्या काचेच्या बशा, म्हणजे पेट्रीडिश, दिवसभर तिच्या हातात असतात, म्हणून सगळे तिला पेट्री म्हणतात. माझ्या टेबलापासून तिचं टेबल एक मीटर ऐंशी सेंटिमीटरवर आहे. दोन वर्षांत हे अंतर एका मिलिमीटरनेही कमी झालं नव्हतं.

पेट्रीचं एका मालिकेवर प्रेम होतं. तीनशे बारा भाग, आणि सगळं चित्रीकरण आमच्याच शहरातलं. रोज डबा खाताना ती आदल्या दिवसाचा भाग सांगायची आणि मी मान डोलवायचो. शेवटी मी त्या मालिकेचा अभ्यासच करायचा ठरवलं. पाच आठवड्यांत सगळे भाग पाहिले, दीडपट वेगाने, हातात वही घेऊन. नायक मुळात सावकाश बोलतो हे मला फार नंतर कळलं.

वहीतून नकाशा तयार झाला. पुस्तकांच्या दुकानासमोर नायक-नायिकेची नजरानजर. पोस्टाच्या कमानीखाली ओळख. घड्याळवाल्याच्या दुकानापाशी भांडण. पुलावर तिचा नकार. आणि दोनशे सातव्या भागात, चौसष्ट पायऱ्यांच्या जिन्यावर, एका हाताने कठडा धरून त्याने तिला घातलेली मागणी. मालिकेचे चाहते त्याला ‘मागणीचा जिना’च म्हणतात. मी ठरवलं, हीच फेरी पेट्रीला घडवायची आणि चौसष्टाव्या पायरीवर खिशातलं पत्र तिच्या हातात द्यायचं.

“सरळ विचार ना तिला, फिरायला येतेस का म्हणून,” ताई म्हणाली. ताई माझी मोठी बहीण. तिचं सगळंच सरळ असतं.

“एकटीला कसं विचारणार? लॅबमधल्या सगळ्यांना बोलावतो. गर्दीत संकोच कमी होतो.”

“आणि पत्रात काय लिहिलंयस? दाखव.”

मी दाखवलं नाही. पण खरं सांगायचं तर पत्र थोडं अधिकृत झालं होतं. दोन वर्षं मी तपासणीचे अहवाल सोडून दुसरं काही लिहिलेलं नाही. त्यात पेट्रीला ‘आपण’ म्हटलं होतं, आणि पत्र दुसऱ्याच्या हाती पडलं तर घोटाळा नको म्हणून वरती तिचं नावही घातलं नव्हतं.

लॅबच्या फळ्यावर लावायला एक सूचना हवी होती. ताईचं अक्षर ठसठशीत, म्हणून तिलाच लिहायला सांगितलं. तिने लाल रंगात लिहिलं: ‘मागणी फेरी. रविवारी सकाळी नऊ वाजता. आरंभ: पुस्तकांचे दुकान. समारोप: चौसष्ट पायऱ्यांचा जिना. संकोच सोडा, मोठ्या संख्येने या.’ आणि लोक कमी आले तर भावाचा धीर सुटेल या काळजीपोटी तिने आणखी चार प्रती काढून दूध केंद्रावर, औषधांच्या दुकानात, दाताच्या डॉक्टरांकडे आणि खुद्द त्या जिन्याच्या तोंडाशी चिकटवल्या. हे तिने मला सांगितलं नाही. चांगलं काम गाजावाजा न करता करावं, असं तिचं मत आहे.

रविवारी नऊला पाच कमी असताना मी दुकानासमोर पोचलो. पेट्री आली होती. लॅबमधले आणखी दोघे आले होते. आणि त्यांच्या मागे सत्तावीस माणसं उभी होती. बहुतेकांचे केस पांढरे, अकराजणांच्या हातात काठ्या. एका काकांनी कापडाची मोठी गुंडाळी काखेत मारली होती. माझ्या मनात आलं, मालिका ज्येष्ठांमध्ये इतकी लोकप्रिय असेल असं वाटलं नव्हतं.

पुढे उभ्या असलेल्या एका बाईंनी मला चष्म्यावरून पाहिलं. शाळेत पस्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना नुसतं बाईच म्हणत होते.

“ही फेरी तू काढलीस?”

“हो, बाई.”

“शाब्बास. तीन वर्षांत एकाही तरुणाला हे सुचलं नाही. चल, हो पुढे.”

मी पुढे झालो आणि घसा साफ केला. “तर मंडळी, सगळ्याची सुरुवात इथे झाली. याच काचेसमोर दोघांची पहिली नजरानजर झाली.”

“कंत्राटदाराची आणि साहेबाची ना?” काखेत गुंडाळी असलेले काका म्हणाले. “आम्हाला तेव्हाच संशय आला होता.”

मालिकेत कंत्राटदार आहे खरा, नायिकेचा मामा. दीडपट वेगात माझं काहीतरी निसटलं असेल, असं समजून मी पुढे चालू लागलो. कमानीखालून, घड्याळवाल्यावरून आम्ही पुलावर आलो. फेरी एव्हाना चौतीस माणसांची झाली होती. वाटेत लोक मिळत होते.

“आणि इथे,” मी आवाज खाली आणला, “इथे त्याला नकार मिळाला.”

“आम्हालाही इथेच मिळाला,” एक आजी म्हणाल्या. “ते ऑफिस तेव्हा पुलापाशीच होतं.”

“पण त्याने हार मानली नाही. एकशे अकरा भाग वाट पाहिली.”

“एकशे अकरा? आमच्या तर अर्जांचीच संख्या दीडशेवर गेली असेल,” काका म्हणाले आणि त्यांनी काखेतली गुंडाळी उलगडली. दोघांनी दोन टोकं धरली. कापडावर लिहिलं होतं: ‘आमची एकच मागणी, जिन्याला कठडा.’

मी ते वाचलं. मग मनातल्या मनात ताईची सूचना पुन्हा वाचली. मागणी. फेरी. मोठ्या संख्येने या. मी खिशातलं पत्र आणखी खाली दाबलं.

पेट्री बाईंशी बोलत माझ्याजवळ आली. “तुला माहीत होतं? त्या जिन्याला कठडाच नाहीये. मालिकेतला कठडा शूटिंगवाल्यांनी आणलेला, प्लायवुडचा. दोन दिवस लावला आणि काढून घेऊन गेले. हे लोक तिथेच राहतात, रोज चढतात-उतरतात. बाई गेल्या वर्षी पडल्या, मनगटात अजून सळई आहे.”

“अगं, ते...”

“आणि तू त्यांच्यासाठी हे सगळं केलंस. मला वाटलं होतं नुसती मालिकेची फेरी आहे.” ती थांबून माझ्याकडे पाहायला लागली. दोन वर्षांत इतका वेळ तिने माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. जंतूंकडे पाहते तसं, पूर्ण लक्ष देऊन.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी कोण खरं बोलेल? मी “छे, त्यात काय,” असं काहीतरी पुटपुटलो आणि जिन्याच्या दिशेने निघालो.

आम्ही जिना चढत गेलो, तर माथ्यावर नगर कार्यालयाचे साहेब उभे होते. मोर्चा येतोय असं कुणीतरी त्यांना फोनवर कळवलं होतं. रविवारचे, घरच्या चपलांत, अर्धी दाढी केलेले. उरलेल्या अर्ध्या गालावर साबण वाळत चालला होता.

“कुणाची मागणी आहे?” त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

“निवेदन आणलंय का लिहून? तोंडी काही घेत नाही मी.”

“नाही, साहेब,” मी म्हणालो.

“नाही कसं? हे काय मग?” बाई म्हणाल्या. पस्तीस वर्षं मुलांच्या खिशांतल्या चिठ्ठ्या पकडलेला हात तो. माझ्या शर्टाच्या खिशातून पाकीट कधी निघालं आणि साहेबांपर्यंत कधी पोचलं, मला कळलंच नाही. मी दोन पायऱ्या धावत चढलो, पण मध्ये चार काठ्या होत्या.

साहेबांनी पत्र उलगडलं आणि सरावाच्या आवाजात वाचायला सुरुवात केली. “‘महोदया, गेली दोन वर्षे मी एक गोष्ट आपल्या कानावर घालू इच्छितो.’ मी महोदय आहे. असो. ‘माणसाला चढणीवर हात धरायला कुणीतरी लागते.’”

“खरंय,” आजी म्हणाल्या.

“‘तरुणपणी हे लक्षात येत नाही. परंतु उतरताना, विशेषतः उतारवयात, आधारावाचून निभाव लागत नाही.’”

“काय लिहितो पोरगा,” काका म्हणाले. त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला.

“‘आपण जवळच असूनही हा आधार मला मिळू नये, याचे वैषम्य वाटते.’ अहो, कार्यालय जवळ आहे म्हणून असा टोमणा मारायचं कारण नाही. ‘आपण पेट्रीडिशवर वाकून जंतू मोजता तेव्हा आपल्या कपाळावर येणारी बट...’”

साहेब थांबले. त्यांनी आपल्या कपाळाला हात लावला. तिथे बट सोडा, केसच बरेच मागे सरकले होते.



“हे नक्की कुणाला लिहिलंय?” साहेबांनी विचारलं.

“मला,” पेट्री म्हणाली.

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या, मग माझ्याकडे. तिने मला एवढंच विचारलं, “म्हणजे तू हे यांच्यासाठी केलं नव्हतंस?”

“नाही,” मी म्हणालो. आता खोटं बोलण्यात काही अर्थ नव्हता. “मला कठड्याचं काहीच माहीत नव्हतं. तो नाहीये हेसुद्धा. मी फक्त टीव्हीवर पाहिला होता.”

“तुझं तू नंतर बघ,” बाई मध्येच म्हणाल्या. “आमच्या निवेदनाचं काय? साहेब उद्या भेटणार नाहीत.”

कागद कुणाकडेच नव्हता. बाईंनी साहेबांच्या हातून माझं पत्र घेतलं, उलटं केलं, माझ्याच खिशातलं पेन काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सुवाच्य अक्षरात कठड्याची मागणी लिहिली. खाली सगळ्यांनी सह्या केल्या. पेट्रीनेही केली. मग तिने पेन माझ्याकडे दिलं आणि मीही माझ्या प्रेमपत्राच्या पाठीवर चौतिसावी सही केली.

“साहेब, पुढची बाजू खासगी आहे,” मी म्हणालो. “नक्कल घेऊन मूळ प्रत...”

“मूळ प्रत फाइलला लागते,” साहेब म्हणाले आणि पत्राची घडी करून उरलेली दाढी करायला गेले.

सोमवारी पेट्री दुपारपर्यंत जंतूच मोजत राहिली. मग बशांवरून नजर न उचलता म्हणाली, “बटेच्या पुढे काय होतं?”

“शब्दशः आठवत नाही. पण साधारण असं की...”

“साधारण नको. अर्ध्या नमुन्यावर मी निष्कर्ष देत नाही.”

दुसऱ्या दिवशी ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून नगर कार्यालयात गेली. पत्राला आवक क्रमांक पडला होता. प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत कागद बाहेर देता येणार नाही, असं खिडकीमागच्या कारकुनाने तिला सांगितलं. वर हेही म्हणाला, “पण मॅडम, पत्र चांगलं आहे. आमच्या विभागात सगळ्यांनी वाचलंय.”

त्यानंतर माझ्या लग्नाचा प्रश्न आणि चौसष्ट पायऱ्यांचा प्रश्न एकाच फाइलमध्ये, एकाच दोऱ्याने बांधून, टेबलामागून टेबल फिरू लागला. मी आणि पेट्री दर मंगळवारी चौकशीला जायला लागलो. आधी वेगवेगळे, मग एकत्र. बाकावर वाट पाहावी लागायची. एका मंगळवारी मी तिला विचारलं, फाइल हरवली तर? ती म्हणाली, “मग तुला नवीन लिहावं लागेल. आणि ‘वैषम्य’ वगैरे चालणार नाही.”

अकराव्या आठवड्यात मला कार्यालयाचं पत्र आलं. ‘आपल्या अर्जातील पृष्ठ दोनवरील मागणी मंजूर करण्यात येत आहे. पृष्ठ एकवरील मागणी या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नसल्याने संबंधितांकडे पुढील कार्यवाहीसाठी वर्ग करण्यात येत आहे.’

संबंधितांना, म्हणजे पेट्रीला, माझं मूळ पत्र त्याच दिवशी मिळालं होतं. तिने टेबलाशी बसून दोनदा वाचलं. लाल पेन्सिलीने ‘दोन वर्षे’ खोडून ‘एक वर्ष दहा महिने’ केलं. खाली शेरा मारला आणि एक मीटर ऐंशी सेंटिमीटर चालत येऊन कागद माझ्यापुढे ठेवला. शेरा होता: ‘तत्त्वतः मान्य.’

“तत्त्वतः म्हणजे?” मी विचारलं.

“म्हणजे आधी जागेवर जाऊन पाहणी. रविवारी आठ वाजता, जिन्यावर.”

ताईला सांगितलं तर ती म्हणाली, “तत्त्वतः मान्य झालेले रस्ते मी पाहिलेत. फार आशा ठेवू नकोस.” पण तिनेच माझ्या शर्टाला इस्त्री केली.

रविवारी मी पावणेआठलाच माथ्यावर हजर होतो. कठडा खरंच लागला होता. लोखंडी, भक्कम, वरपासून खालपर्यंत. माणसाला अशा वेळी राहवत नाही. मी दोन्ही हातांनी तो घट्ट धरला आणि हलवून पाहिला. हलला नाही. हात मात्र सुटताना चिकटले. रंग ओला होता, गडद हिरवा.

तेवढ्यात पेट्री आली. तिने कठडा पाहिला, खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या पाहिल्या आणि आपला हात पुढे केला.

मी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

“नकोय?” तिने विचारलं.

“हवाय. पण हे बघ.” मी तळवे दाखवले.

तिने ते तपासले. मग तिच्या सवयीप्रमाणे स्वच्छ भाग शोधला आणि माझं मनगट घट्ट पकडलं. चौसष्टच्या चौसष्ट पायऱ्या आम्ही तशाच उतरलो. खाली बाई दूध घेऊन येत होत्या. त्यांनी माझे हिरवे हात पाहिले, पेट्रीची पकड पाहिली आणि तिला म्हणाल्या, “बरं झालं पकडलंस. पाटी लावली होती, तरी हात लावतात लोक.”