टेबलाखालचे गजभियेजी

सकाळी दहानंतर गजभियेजींच्या घरी गेलात आणि खुर्चीत कोणी दिसलं नाही, तर परत फिरू नका. जरा वाका आणि जेवणाच्या टेबलाखाली पाहा. गजभियेजी तिथे पालथे पडलेले असतात. सत्तरीकडे झुकलेला, पोटाने सुखवस्तू माणूस असा फरशीवर पडलेला पाहिला की नवख्याचा जीव घाबरा होतो. तो ओरडायच्या आत खालून आवाज येतो, "जय भीम जी! बसा, बसा. अजून एक येईल, मग निघतो."

अजून एक म्हणजे अजून एक धमाका. आम्ही जबलपूरला, रांझीत राहतो. इकडे दारूगोळ्याचे कारखाने आहेत, आणि तयार झालेले तोफगोळे धड उडतात की नाही हे पाहायला जवळच एक रेंज आहे. तिथे तोफ उडाली की आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरतात, मांडणीतल्या वाट्या एकमेकींवर आपटतात आणि आम्ही ढिम्म हलत नाही. बाहेरगावचा पाहुणा ताटावरून उठून अंगणात पळतो, आणि आम्ही त्याला 'थंड होईल, जेवून घ्या' म्हणतो. आमच्याकडची पाळण्यातली मुलं धमाक्याने जागी होत नाहीत, पंखा बंद पडला की होतात.

अशा वस्तीत धमाका ऐकून टेबलाखाली जायचं म्हणजे ग्वारीघाटच्या नावाड्याने नर्मदेला भिण्यासारखं झालं. त्यातून गजभियेजी सारी नोकरी त्याच रेंजवर होते. आमची तावदानं इतकी वर्षं थरथरली ती त्यांच्याच कृपेने. तो माणूस आता धमाका झाला की जमिनीला चिकटतो, आणि "अहो, रेंज आहे, आपलाच गोळा आहे" असं कोणी म्हटलं की खालून डोळे बारीक करून विचारतो, "आपलाच आहे, कशावरून?"

हा 'कशावरून' त्यांचा जुनाच आहे. रेंजवर त्यांचं काम एवढंच होतं, की कारखान्यातून आलेल्या प्रत्येक लॉटमधले थोडे गोळे उचलायचे, तोफेतून उडवून पाहायचे आणि नीट उडाले तर लॉट पास करायचा. कागदावर काय लिहिलंय यावर विश्वास नाही, चकाकीवर तर मुळीच नाही. माणूस निवृत्त झाला, सवय झाली नाही. सदरच्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या बाजारात शेंगांच्या ढिगातली एक शेंग फोडून, वास घेऊन, चावून "लॉट फेल" म्हणत ते पुढे जातात. काडेपेटी घेतली तर दुकानातच एक काडी ओढून पाहतात. माझ्या मुलासाठी स्थळ आलं तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "पोरीच्या मावशीला भेटले का? घरातला एक नग तरी नीट तपासा जी." आमच्या हिने त्यानंतर कित्येक दिवस त्यांना चहा दिला नाही.

घरात ते एकटेच. बायको आजारपणात फार लवकर गेली. एकुलती मुलगी प्रज्ञा त्यांनीच वाढवली, इंजिनियर केली, आणि तिला थेट दक्षिण कोरियात, सोलला नोकरी लागली. गजभियेजींनी गल्लीभर पेढे वाटले. (पेटीतला एक आधी स्वतः खाऊन.) "बुद्धाचा देश आहे जी. जागोजागी विहार आहेत म्हणते. बोले तो, घरच्यासारखंच," असं ते अभिमानाने सांगत. मग एका संध्याकाळी टीव्हीवर त्यांना शेजारचा उत्तर कोरिया दिसला आणि आमची शांतता संपली.

रणगाडे, सैनिकांच्या रांगा, ट्रकवर लादलेली लांबलचक क्षेपणास्त्रं, आणि सज्जात उभा राहून हसणारा तिथला हुकूमशहा. निवेदक सांगत होता की त्या देशाने पुन्हा अणुबॉम्बची चाचणी केली. गजभियेजी तसेच माझ्याकडे आले. हातात शाळेचा जुना नकाशा.

"इथून सिहोरा जितका, तितकी ती सरहद्द आहे प्रज्ञाच्या घराहून," ते म्हणाले. "बसमध्ये बसलं, चार शेंगा खाल्ल्या, की आलं सिहोरा. तिथे बसून राहिला तो, बॉम्ब घेऊन!"

"अहो, चाचण्याच तर करतोय. नुसती भीती दाखवायला," मी म्हणालो. मला जेवायला बसायचं होतं.

"माणूस टेस्ट काहून करते, सांगा." ते खुर्ची ओढून बसले. "मी आयुष्यभर तेच केलं. टेस्ट पास झाली की माल शोकेसमध्ये नाही ठेवत जी. पुढे पाठवतात."

मी म्हटलं, जगातले मोठमोठे देश लक्ष ठेवून आहेत. त्यावर त्यांनी एकच उदाहरण दिलं. "आपल्या लाइनीत एक क्वार्टर आहे, समजा. पाहुणा येऊ देत नाही, घरच्याला बाहेर जाऊ देत नाही, पडदे चोवीस तास बंद. आणि आतून वास येऊन राहिला. तुम्ही काय म्हटलं असतं? लक्ष ठेवून आहोत?" आमची ही तर अशा क्वार्टरच्या दारात दुसऱ्याच दिवशी वाटीभर साखर मागायला उभी राहिली असती.

त्या दिवसापासून गजभियेजींचा सिहोऱ्यावरचा विश्वास उडाला. सिहोऱ्याहून येणारी बस दिसली की ते थांबून आत कोण कोण आहे ते पाहत. मटार सिहोऱ्याचे आहेत असं भाजीवाली म्हणाली, तर पिशवी उलटी करून परत दिले. टीव्हीवरच्या त्या हुकूमशहाच्या हसण्यावर त्यांचा फार राग. "हसून राहिला म्हणजे लॉट पास झाला," ते म्हणत. हसला नाही, तर "काही लपवून राहिला."

पण खरी ठिणगी पडली ती प्रज्ञाच्या फोनने. रेंजने गजभियेजींचा एक कान जवळजवळ घालवलेला आहे, त्यामुळे फोन स्पीकरवर असतो आणि बापलेकीचं बोलणं गल्लीला पाठ असतं. प्रज्ञा हसत सांगत होती, "बाबा, इथे सायरनची प्रॅक्टिस झाली. लोक आरामात कॉफी पीत बसले होते."

"अरे बाप्पा! अख्खा देश रांझीसारखा निघाला की!" गजभियेजी कपाळावर हात मारून म्हणाले. "आणि तू?"

"मी पण बसले. आणि परवा तर ना, शेजारी बांधकामावर खूप मोठा आवाज झाला. ऑफिसमधले सगळे उठून पळाले. मी एकटीच नाही हलली. सब बोले, तू किती डेअरिंगवाली!"

गजभियेजींनी फोन ठेवला. शाबासकीही नाही, रागावणंही नाही. नंतर कुंपणाशी येऊन मला म्हणाले, "आवाज झाला की माणसानं आधी पळायला पाहिजे, मग विचार करायला पाहिजे. आपली पोरं आधी विचार करतात, 'रेंज आहे.' तिथे कुठली रेंज, जी? खरोखरचा पडला तरी ही कपच धरून बसेल."

त्यांनी तिला फोनवर पळायचं शिकवायला सुरुवात केली. तिने विचारलं, "तुम्ही पळता का बाबा?" मुलीशी खोटं बोलायची सवय नाही, म्हणून गजभियेजी दुसऱ्या दिवसापासून टेबलाखाली जाऊ लागले. आमच्या हिला त्याचा व्हिडिओ काढायला लावून तो सोलला पाठवला. प्रज्ञाने हसून हसून डोळ्यांतून पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग परत पाठवली.

गल्लीचं मात्र नुसतं हसण्यावर भागलं नाही. संशयही आला. ज्याने जन्मभर तोफा उडवल्या तो माणूस आता लपतोय, म्हणजे त्याला आतली काही खबर असणार! कोपऱ्यावरच्या दुकानदार गुप्ताजींनी एक दिवस हळूच विचारलं, "गजभियेजी, सच बताइए, कुछ होने वाला है क्या?" गजभियेजी काडेपेटीतली काडी ओढून पाहण्यात गुंतले होते. ते म्हणाले, "अभी नहीं." त्या 'अभी'ने संध्याकाळपर्यंत दुकानातल्या मेणबत्त्या आणि पोहे संपले. आम्हीही थोडे आणले. विश्वास होता म्हणून नव्हे, सगळे आणत होते म्हणून.

सदरला तर कहरच झाला. ऑटोचा टायर फुटला आणि गजभियेजी टोमॅटोच्या पिशवीसकट भर रस्त्यात आडवे. दोन जवान धावत आले, त्यांना वाटलं आजोबांना झटका आला. गजभियेजी उठले, कपडे झटकले आणि त्या जवानांनाच झापलं, "तुम लोग खड़े कैसे रह गए?" शर्टावरच्या लाल डागांमुळे लोक त्यांना दवाखान्यात नेऊ पाहत होते. मी ओळख दाखवावी की नाही, या विचारात शेजारच्या दुकानातल्या पाट्या वाचत उभा राहिलो.

हिचं म्हणणं, वय झालं, डोकं हललं. मलाही तसाच संशय येऊ लागला होता. मग प्रज्ञा सुटीवर आली आणि गजभियेजींनी आम्हा दोघांना चहाला बोलावलं. वेळ नेमकी रेंजची. कशासाठी बोलावलंय ते माझ्या लगेच लक्षात आलं. मुलीची चाचणी होती आणि आम्ही साक्षीदार.

प्रज्ञा चहात बिस्किट बुडवत होती. पहिला धमाका झाला. वाट्या खणखणल्या. गजभियेजी त्या वयात ज्या चपळाईने टेबलाखाली गेले ती पाहण्यासारखी होती. प्रज्ञा मात्र जागची हलली नाही. उलट तिचा चेहरा असा सैलावला, जणू बरेच दिवस ताटकळून वाट पाहिलेलं कोणीतरी दारात आलं.

"काहून नाही उठली तू?" गजभियेजी खालून ओरडले. आवाजात राग होता, पण त्याहून जास्त भीती होती. "काय सांगून राहिलो मी इतके दिवस?"

"नाही होत बाबा," ती म्हणाली. मग हिच्याकडे वळली. "काकू, मी तिथे खरंच ट्राय केलं. पण मोठा आवाज आला की मला बरं वाटते. काय करू?"

तिने सांगितलं ते आम्हाला इतकी वर्षं शेजारी राहून माहीत नव्हतं. लहानपणी ती या धमाक्यांना फार भ्यायची. किंचाळत आईच्या पदरात शिरायची, आणि आई तर अंथरुणाला खिळलेली. तेव्हा बाबांनी तिला मांडीवर घेऊन सांगितलं, की तो आवाज म्हणजे मीच. मी तिकडून तुला हाक मारून राहिलो. हाक ऐकू आली की समजायचं, बाबा चांगला आहे, संध्याकाळी घरी येईल. आई गेल्यावर ती शाळेतून येऊन या घरात एकटी बसायची आणि हाकेची वाट पाहायची. "ज्या दिवशी रेंज बंद असायची ना काकू, त्या दिवशी मी रडायची."

गजभियेजी टेबलाखालून बाहेर आले, पण उठले नाहीत. चष्मा कुठेतरी पडला होता. फरशीवर बसूनच त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती नेमकी कुठे आहे हे त्यांना चष्म्याशिवाय दिसत असेल असं मला वाटत नाही.

"तो मी नाही आता, बेटा," ते म्हणाले. "मी रिटायर झालो ना. आता जो आवाज येते तो कोणी दुसराच आहे. तो तुला हाक नाही मारून राहिला. बाबा नाही तो. आता पळायचं."

प्रज्ञाच्या हातातलं बिस्किट चहात विरघळून पडलं. हिने डोळ्यांना पदर लावला आणि मी उगाच खिडकीबाहेर पाहिलं. इतके दिवस आपण कशाला हसत होतो, हे मला त्या खोलीत बसून कळलं आणि फार वाईट वाटलं.

तेवढ्यात दुसरा धमाका झाला. प्रज्ञाने कप ठेवला, म्हणजे जवळजवळ सोडूनच दिला, आणि ती टेबलाखाली गेली. जाताना ती रडत होती. गजभियेजी तिच्या मागोमाग सरपटत आत शिरले. त्यांनी दोन्ही हात तिच्या डोक्यावर धरले आणि त्या दिवशीची रेंज बंद होईपर्यंत काढले नाहीत.